लिहून देणार, लिहून घेणार आणि तिसरा

पेण-रोह्याकडची जुनी खरेदीखते वाचताना एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. त्यांत लिहून देणार असतो, लिहून घेणार असतो. चतुःसीमा असतात, विहिरीतला हिस्सा असतो, आंब्याफणसाची झाडे असतात, साक्षीदारांच्या सह्या असतात. सौदा जमवणारा दलाल मात्र कुठेच नसतो. व्यवहारातला सर्वांत बोलका माणूस कागदावर मुका. घर किंवा जमीन विकताना दलाली कोणी द्यायची, या वादाचे मूळ मला या गैरहजेरीत दिसते.

बाकीच्या खर्चाची वाटणी कायद्याने केलेली आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या ३०व्या कलमानुसार, वेगळे ठरले नसेल तर खरेदीखताचे मुद्रांक शुल्क घेणाऱ्याने भरायचे. दलालीचा असा नियम नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे २१९वे कलम सांगते की, वेगळा करार नसेल तर काम पुरे झाल्याशिवाय एजंटाचा मोबदला देय होत नाही. नेमणाऱ्याने नेमलेल्याला पैसे द्यायचे, हे त्यात गृहीतच आहे. पण आपल्याकडे नेमणूक होते चहाच्या टपरीवर, तोंडी. आणि बहुधा दोघांकडूनही.

मधल्या माणसाचा प्रश्न या मुलखाला नवा नाही. पेणच्या खारपट्ट्यात खाडीचे पाणी अडवून भातजमीन काढली गेली. बाहेरचे बांध राखणारा तो शिलोत्रीदार. त्यासाठी कुळाकडून बिघ्यामागे मणभर भात घेण्याचा त्याचा हक्क होता. सरकारचा धारा वेगळा, हा मण वेगळा. कुलाबा जिल्ह्यातले हे शिलोत्री हक्क १९५५च्या कायद्याने संपले. या व्यवस्थेत अन्याय नव्हता असे मी म्हणणार नाही. मात्र मण कोण देतो, कोणाला देतो आणि कशासाठी, हे गावात सर्वांना ठाऊक होते. बांध डोळ्यांसमोर होता.

आजच्या दलालीला असा बांध नाही. १९८६मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत आली. पुढे पेण तालुक्यातील २२ गावांनी सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर सप्टेंबर २००८मध्ये मत दिले. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला. प्रत्येक टप्प्याला सातबाऱ्याचे उतारे अधिक हातांतून फिरू लागले. आमच्या नात्यातली रोह्याजवळची जमीन विकली गेली तेव्हा दलालाने दोन्हीकडून दोन-दोन टक्के घेतले. देणाऱ्याला सांगितलेला भाव आणि घेणाऱ्याला सांगितलेला भाव वेगळा होता, हे वर्षभराने कळले. मधला फरक टक्केवारीहून कितीतरी मोठा होता. करार कायद्याच्या २१६व्या कलमाखालचे उदाहरण नेमके घराचेच आहे: मालकासाठी घर घ्यायला निघालेला एजंट ‘ते मिळत नाही’ म्हणतो आणि स्वतःच घेतो, मालक ते त्याच किमतीला मागू शकतो. दीडशे वर्षांपूर्वी कायद्याला हा स्वभाव माहीत होता. पण नेमणुकीचा कागद नसेल तर त्या कलमाचा आधार घ्यायचा कसा?

दलाली कोणीही दिली तरी ती शेवटी किमतीतच मिसळते, मग वाद कशाला, असे म्हणणारे अर्थशास्त्राच्या दृष्टीने फारसे चुकत नाहीत. तरीही जो पैसे मोजतो तो घासाघीस करतो, आणि ज्याच्या खिशातून जाते त्याला हिशेब विचारता येतो. शेतमालाच्या अडतीवरून महाराष्ट्रात हेच झाले. जुलै २०१६मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला गेला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. त्यावर व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. किमतीत मिसळणारीच रक्कम असती तर एवढे कोणी कशाला चिडले असते?

अमेरिकेत विकणारा दोन्ही बाजूंच्या एजंटांची दलाली देत असे. ऑक्टोबर २०२३मध्ये कॅन्सस सिटीच्या ज्यूरीने त्यामागचा नियम बेकायदा संगनमताचा ठरवला. ऑगस्ट २०२४पासून तिथे घेणाऱ्याला आपल्या एजंटाशी आधी लेखी करार करावा लागतो. जर्मनीत डिसेंबर २०२०पासून, विकणाऱ्याने नेमलेल्या दलालाची निम्म्याहून अधिक दलाली घर घेणाऱ्यावर टाकता येत नाही. आपल्याकडे १ मे २०१७पासून महारेराने एजंटांची नोंदणी सुरू केली, पण ती नोंदणीकृत प्रकल्पांपुरती. गावातले जुने कौलारू घर किंवा भातशेतीचा तुकडा त्याबाहेरच राहतो, आणि पेण-रोह्यात फसगत होते ती बहुतेक तिथेच.

म्हणून माझे मत साधे आहे. ज्याने नेमले त्याने द्यावे. दोघांनी नेमले असेल तर दोघांनी द्यावे, पण ते एकमेकांना माहीत असावे. आणि खरेदीखतात एक ओळ वाढवावी: सौदा कोणी जमवला, कोणाकडून किती घेतले. शिलोत्रीच्या मणाइतका तरी उघडपणा दलालीला असावा. लिहून देणार आणि लिहून घेणार यांच्या शेजारी त्या तिसऱ्याचीही सही येऊ द्या. पुढे हे कागद वाचणाऱ्याला निदान तो दिसेल.