झाशीचा वेढा: एक शहर, तीन जन्म

आज सुरुवात व्हिडिओ गेमपासून करतो. घाबरू नका, आपण झाशीलाच पोहोचणार आहोत.

रोल-प्लेइंग गेम सुरू होण्याआधी खेळणाऱ्याला एक प्रश्न असतो: तुम्ही कोण? २००९ साली आलेल्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये या प्रश्नाची सहा उत्तरं आहेत. त्यातली दोन एकाच शहरातली. ओरझमार हे बुटक्या लोकांचं जमिनीखालचं शहर, आणि तिथे जातिव्यवस्था आहे. तुम्ही राजपुत्र म्हणून जन्म घेऊ शकता, किंवा चेहऱ्यावर डाग दिलेला जातिबाहेरचा म्हणून.

पुढे गादीवर कोणाला बसवायचं हे तुम्ही ठरवता. एक उमेदवार सज्जन, पण जुन्या चालीरीतींचा. दुसरा कपटी, पण जातीची बंधनं सैल करणारा. राजपुत्राच्या दृष्टीने हा दुसरा म्हणजे दगा देणारा सख्खा भाऊ. जातिबाहेरच्याच्या दृष्टीने तोच आपल्या बहिणीच्या मुलाचा बाप. प्रश्न एकच, उमेदवार तेच. पण जन्म बदलला की न्याय कशाला म्हणायचं तेच बदलतं.

आता हाच प्रश्न घेऊन मार्च १८५८ च्या झाशीत या. सर ह्यू रोजच्या फौजेने शहराला वेढा घातलाय. आत तीन माणसं आहेत.

पहिली अर्थातच राणी लक्ष्मीबाई. माहेरची मणिकर्णिका तांबे, बिठूरला दुसऱ्या बाजीरावाच्या छायेत वाढलेली. तलवार आपल्याला आठवते, पण तिने आधी हातात घेतला तो कागद. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव गेले, दत्तकविधान नामंजूर झालं, १८५४ मध्ये संस्थान खालसा झालं. तेव्हा तिने अर्ज केले, जॉन लँग नावाच्या वकिलाला बोलावून घेतलं. दरबारात वाढलेल्या बाईला करार, वारसा, खलिता यांची भाषा येत होती, म्हणून तो मार्ग तिला दिसला. तो बंद झाला. जून १८५७ मध्ये झाशीत इंग्रजांची कत्तल झाली आणि तिचा ठपका कंपनीने राणीवर ठेवला. त्याच वर्षी ओरछाची फौज चालून आली, कारण बुंदेल्यांच्या मुलखात नेवाळकर हे शेवटी बाहेरून आलेले मराठी सुभेदार. रोज दाराशी आला तेव्हा तिच्यापुढचे बहुतेक पर्याय आधीच संपले होते.

दुसरा माणूस वरसईचा विष्णुभट गोडसे. कोकणातला कर्जबाजारी भिक्षुक. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून काकांबरोबर निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. वेढ्यात त्याच्याकडे शस्त्र नाही, पद नाही. राणीच्या दरबारी त्याचा शिरकाव झाला तो वेदविद्येमुळे आणि मराठी बोलण्यामुळे. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले, लूट आणि कत्तल सुरू झाली, तेव्हा त्याच्यापुढे एकच काम उरलं: लपायचं आणि जगायचं. तो जगला, घरी परतला आणि पुढे त्याने ते सगळं लिहून ठेवलं. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ छापलं, म्हणून झाशीचा वेढा आज आपल्याला आतून दिसतो.

तिसरी झलकारीबाई. झाशीजवळच्या भोजला गावची, कोरी समाजातली, विणकरांच्या घरातली. बुंदेलखंडाची परंपरा सांगते, की ती राणीच्या स्त्री-सैन्यात होती, चेहऱ्याने राणीसारखी होती आणि राणी निसटावी म्हणून तिचा वेष घेऊन शत्रूसमोर गेली. तिने अर्ज केले नाहीत, कारण तिचा अर्ज वाचणारं कार्यालय कुठेच नव्हतं. तिने प्रवासवर्णन लिहिलं नाही, कारण अक्षर तिच्या वाट्याला आलं नव्हतं. समकालीन कागदांत तिचा माग फारसा लागत नाही. वृंदावनलाल वर्मांच्या १९४६ च्या कादंबरीने तिला दूरवर नेलं, आणि २००१ मध्ये तिचं टपाल तिकीट निघालं.

इथे मला गेम आणि इतिहास यांतला फरक दिसतो. गेममध्ये प्रत्येक जन्मासाठी कोणीतरी संवाद लिहिलेले असतात. इतिहासात तसं नसतं. राणी कंपनीच्या दप्तरात उरली, गोडसे स्वतःच्या पोथीत उरला, झलकारी गाण्यांत आणि गोष्टींत उरली. जन्माने तिघांचे पर्याय ठरवले, आणि मागे काय उरणार हेही ठरवलं.

म्हणून कोणी विचारलं, ‘झलकारीबाईचा पुरावा काय?’, तर प्रश्न रास्तच आहे. प्रत्येक दंतकथा खरी मानावी असं मी म्हणत नाही. पण त्याच्या जोडीला दुसरा प्रश्नही विचारायला हवा: त्या काळात पुरावा मागे ठेवायची सोय कोणाकडे होती? हा दुसरा प्रश्न सोडला, की आपण सगळा इतिहास फक्त राजपुत्राच्याच बाजूने खेळत बसतो.

मंडळी, तुमच्यापैकी कित्येक जण झाशी, ग्वाल्हेर, इंदूर, सागर इथल्या मराठी घरांतले आहात. आपले पूर्वज तिकडे कोण म्हणून गेले: सुभेदार, भिक्षुक, कारकून, शिपाई? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आणि त्यांच्या शेजारी कोण राहत होतं, तेही विचारा. भेटूया पुढच्या भागात.