ठाण्याची गाडी

आमच्या कोपर स्टेशनाची एक मौज आहे. खालून कल्याणकडच्या गाड्या धावतात, तर वरच्या फलाटावरून दिवा-वसईची गाडी जाते. नाव एक, मजले दोन. 'ठाणे' या शब्दालाही असेच दोन मजले आहेत, हे मात्र मला फार उशिरा कळले.

१९०१ साली ठाण्यात मनोरुग्णालय उभे राहिले आणि हळूहळू त्या गावाचे नावच थट्टेचा विषय झाले. 'याला ठाण्याला पाठवा' म्हटले की पुढे काही सांगावे लागत नसे. मास्तरकीच्या पहिल्याच वर्षी, फळ्यापुढे घामाघूम होऊन गप्प उभ्या राहिलेल्या एका मुलाला मीही हेच वाक्य ऐकवले. वर्ग खो खो हसला. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

परवा तो कोपरच्या फलाटावर भेटला. चांगला बाप्या झालेला. म्हणाला, "सर, ठाण्यालाच निघालोय. दर गुरुवारी जातो, मानसोपचाराला." माझी मान खाली गेली. मी माफी मागितली. तेव्हा तो सहज बोलून गेला, "वाक्य वाईट होते सर. तुम्ही वाईट नव्हता."

हे शहाणपण त्याला तेथेच मिळाले होते. त्याचा उगम शोधता शोधता मी थेट न्यूयॉर्कला पोहोचलो.

अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) तरुणपणी मोठे लाजाळू. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. रोज बागेत जायचे आणि बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रीशी बोलायचे. महिन्याभरात ते शंभरजणींशी बोलले. एकच भेटायला कबूल झाली, आणि तीही आली नाही! पण आभाळ काही कोसळले नाही, आणि भीती मात्र पळाली. पुढे मनोविश्लेषणाचा गुण पुरेसा येईना, म्हणून त्यांनी तो मार्ग सोडला. १९५५ मध्ये विवेकावर आधारलेली नवी पद्धत मांडली आणि १९५७ मध्ये तिचे परिणाम जुन्या पद्धतींच्या परिणामांशी ताडून पाहिले. घटनेपेक्षा घटनेविषयीची आपली समजूत माणसाला अधिक छळते. ती समजूत तपासावी. कृतीला नावे ठेवावीत, माणसाला नव्हे. हे त्यांचे सार.

१९६८ साली मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला आणि ही पद्धत आपल्याकडे रुजवली. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यातच मानसिक आरोग्याची संस्था काढली. ज्या गावाच्या नावाने लोक घाबरत, तेथे माणसे आपल्या पायांनी जाऊन मन मोकळे करू लागली.

पण दार उघडे असून भागत नाही. आत सर्वांना सारखा मान हवा. उपचार करणाऱ्यांचेही पूर्वग्रह असतातच. समलिंगी प्रेमाला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ पर्यंत आजारांच्या यादीत बसवले होते. आक्षेप आले, पुरावे तपासले गेले, तेव्हा ती नोंद निघाली. आपल्याकडे १९१२ च्या कायद्याचे नावच मुळी 'लूनसी अ‍ॅक्ट'. माणसाला आत कोणाच्या हुकमाने ठेवावे, ही त्याची मोठी चिंता. २०१७ च्या कायद्याने मात्र जात, धर्म, लिंग, लैंगिक कल, वर्ग यांवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क दिला. एवढेच नव्हे, समाजाच्या रूढ नीतिकल्पनांशी जुळत नाही म्हणून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असेही बजावले. माझ्यासारख्या मास्तरांनी तर हे कलम खडूच्या डब्यावरच लिहून ठेवावे.

गाडी आली. त्याने डब्यातून हात हलवला.

गेल्या आठवड्यात वर्गात एकाने दुसऱ्याला डिवचले, "याला ठाण्याला पाठवा, सर!" मुले हसली. मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "अवश्य. कोपरहून चौथे स्टेशन. कोणाला जावेसे वाटले, तर मला सांगा. मी सोबत येईन."

तास संपल्यावर एक मुलगा मागे रेंगाळला.