मोरीची परवानगी

मंडळी, यंदाही उन्हाळ्यात मुलाकडे आले आहे. लंडनच्या वेशीवरचं उपनगर, एकाला एक चिकटलेली तीन घरं, त्यातलं मधलं आमचं. घर 1934 सालचं. त्या काळच्या इकडच्या पद्धतीप्रमाणे खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या, आणि संडास-बाथरूम फक्त वर. जिना अरुंद, तेरा पायऱ्यांचा. माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डावा रांगेत उभा आहे. गेल्या वर्षी रात्री उतरताना पाचव्या पायरीवर बसूनच राहिले. कोणाला हाक मारली नाही. सकाळी सूनबाईंना कळलं ते कळलंच. तेव्हापासून चिरंजीवांनी धोसरा घेतला की आईसाठी खाली, मागच्या अंगणात, एक खोली आणि लहानसं न्हाणीघर काढायचं.

"सहा महिन्यांच्या पाहुणीसाठी कशाला एवढा खर्च?" असं मी म्हणून पाहिलं. कोणी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मलाही फार जोरात म्हणायचं नव्हतं.

नकाशा झाला आणि एक दिवस पाइपात घालायचा कॅमेरा घेऊन एक माणूस आला. अंगणातल्या चेंबरचं झाकण उचललं, केबल सोडली, पडद्यावर अर्धा तास पाहिलं. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, आपल्या अंगणातली मोरी आपली नाही. पाणी कंपनीची परवानगी लागेल."

मला दोन प्रश्न पडले. आपल्या अंगणातली, आपल्या पैशाने घेतलेल्या घराची मोरी आपली कशी नाही? आणि परवानगी मोरीची, तर ती पाणी कंपनीकडे का मागायची? नळाचं पाणी देणाऱ्यांचा सांडपाण्याशी काय संबंध? पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण या प्रश्नाला कोणत्याही धड्यात उत्तर नव्हतं. मग इथल्या वाचनालयात जाऊन बसले. (वाचनालयात जिना नाही, हे एक मोठं कारण.)

तर गंमत अशी आहे. सांडपाण्याचे नियम आठव्या हेन्रीच्या 1531 सालच्या कायद्यापासून आहेत, पण ती गटारं पावसाच्या पाण्यासाठी. घरचा मैला त्यात सोडायला लंडनमध्ये 1815 पर्यंत चक्क बंदी होती. मैल्यासाठी प्रत्येक घराखाली किंवा मागे विटांचा खड्डा. तो उपसायला माणसं रात्री येत आणि मैला शहराबाहेरच्या शेतांवर खत म्हणून विकत. 1815 मध्ये गटारात सोडायची मुभा मिळाली. 1848 पर्यंत तीच गोष्ट सक्तीची झाली. म्हणजे आधी मनाई, मग परवानगी, मग सक्ती, आणि हे सगळं जेमतेम तेहतीस वर्षांत! एखाद्या आजोबांनी चोरून केलेल्या गोष्टीसाठी नातवाला ती न केल्याबद्दल दंड व्हावा, तसं झालं.

सक्तीचं कारण कॉलरा. पण खड्डे बुजवून सगळा मैला गटारांत घातला, गटारं थेम्स नदीत सोडली, आणि कित्येक पाणी कंपन्या त्याच नदीचं पाणी लोकांना पाजत होत्या. रोग हटवायला केलेल्या उपायाने रोगाला घरोघरी पोचवलं. कॉलरा पाण्यातून पसरतो हे तेव्हा बहुतेकांना मान्य नव्हतं, वास हेच रोगाचं मूळ अशी समजूत होती.

इथे मला थोडं थांबायचंय. डॉ. जॉन स्नो आणि ब्रॉड स्ट्रीटचा हातपंप ही गोष्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. 1854 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सोहो भागात काही आठवड्यांत सहाशेच्या वर माणसं गेली, आणि स्नोने घरोघर चौकशी करून त्या एका पंपाकडे बोट दाखवलं. पंपाचा दांडा काढला, इथे आपण गोष्ट संपवतो. पण तिचा पुढचा भाग माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. त्या पाण्यात कॉलरा आला कुठून? हेन्री व्हाइटहेड नावाचा एक तरुण पाद्री, ज्याचा स्नोच्या म्हणण्यावर आधी विश्वास नव्हता, तो चौकशी करत राहिला आणि पंपाला लागून असलेल्या 40 नंबरच्या घराशी येऊन पोचला. त्या घरात एक तान्हं मूल साथीच्या अगदी आधी आजारी पडलं होतं आणि मग गेलं. आईने त्याची दुपटी धुतलेलं पाणी घरच्या खड्ड्यात ओतलं होतं. 1855 मध्ये तिथे खणून पाहिलं, तेव्हा खड्ड्याच्या आणि मोरीच्या विटा सुट्या झालेल्या आढळल्या. पंपाची विहीर तिथून तीन फुटांवरसुद्धा नव्हती.

त्या आईचं काय चुकलं? आपल्या घरात, आपल्या खड्ड्यात, आपल्या बाळाची दुपटी धुतली. तिने केलं ते मीही केलं असतं. भिंतीपलीकडे काय झिरपतं हे तिला दिसायची सोयच नव्हती. "माझ्या अंगणात मी काय वाटेल ते करीन" हे वाक्य मी चिरंजीवांना त्याच आठवड्यात ऐकवलं होतं, ते या पानावर येऊन मला परत ऐकू आलं.

त्यानंतरचं थोडक्यात. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडात भिजवावे लागले. खासदारांच्या नाकापर्यंत गोष्ट आल्यावर कायदा अठरा दिवसांत झाला. (हा अनुभव सर्व देशांत सारखाच असावा.) जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने 82 मैलांची मोठी भुयारी गटारं बांधली, 31 कोटी 80 लाख विटा लागल्या म्हणतात. 1866 ची कॉलऱ्याची शेवटची मोठी साथ नेमकी शहराच्या पूर्व भागात आली, तिथलं काम पुरं व्हायचं होतं.

आता माझा पहिला प्रश्न. इंग्लंडच्या 1875 च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात एक व्याख्या आहे, ती वाचून मी चष्मा काढून पुसला. एकाच घराचं, किंवा एकाच कुंपणाच्या आतलं, सांडपाणी नेते ती मोरी. बाकी सगळी गटारं. पाइपाची जाडी, खोली, लांबी यांचा काही संबंध नाही. माझ्या एकटीच्या घरचं पाणी वाहतं तोवर मोरी माझी. शेजारणीच्या घरचं पाणी येऊन मिळालं की त्या जोडापासून पुढे ते गटार, आणि ते सार्वजनिक. त्याच कायद्यात गटारावर परवानगीशिवाय बांधकाम करणाऱ्याला पाच पौंड दंड, आणि लेखी सूचना मिळूनही तसंच ठेवलं तर दर दिवसाला चाळीस शिलिंग.

पुढे 1936 च्या कायद्याने ही व्याख्या आखडती घेतली. 1 ऑक्टोबर 1937 पासून पुढे घातलेले सामाईक पाइप आपोआप सार्वजनिक होईनात. त्यांची मालकी त्या त्या घरमालकांकडे राहिली, आणि तुंबले की तिन्ही घरांत भांडणं. अखेर 1 ऑक्टोबर 2011 ला बहुतेक सगळे असे सामाईक पाइप एका फटक्यात पाणी कंपन्यांकडे गेले. मुलाच्या मित्राचं घर 1960 नंतरचं. त्याच्या अंगणातला पाइप 30 सप्टेंबरला रात्री त्याचा होता, सकाळी उठला तो कंपनीचा. आमचा मात्र 1934 चा असल्यामुळे जन्मापासूनच सार्वजनिक. आमच्या चेंबरमध्ये डावीकडच्या आजींच्या घराचं पाणी येतं आणि आम्हा दोघांचं मिळून पुढे उजवीकडे जातं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं निघालं. पाणी देणाऱ्या कंपन्या आणि गटारं पाहणारी मंडळं शंभराहून अधिक वर्षं वेगळी होती. 1974 मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये दहा प्रादेशिक प्राधिकरणं नेमली, तेव्हा पिण्याचं पाणी आणि मैलापाणी एका छताखाली आलं. 1989 मध्ये त्यांच्याच कंपन्या झाल्या. म्हणून मोरीची परवानगी पाणी कंपनीकडे.

परवानग्या दोन निघाल्या. एक, नव्या संडासाचा पाइप त्यांच्या गटाराला जोडायची. तो घरमालकाचा हक्क आहे. पाइप किंवा जोडणी नीट नसेल तरच कंपनी नाही म्हणू शकते, तेही एकवीस दिवसांत. गटाराची कुवत अपुरी आहे एवढ्या कारणावरून अडवता येणार नाही, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये वेल्समधल्या एका प्रकरणात सांगितलं. दुसरी परवानगी गटारावर किंवा त्याच्या तीन मीटरच्या आत बांधायची, आणि खरी रखडपट्टी इथेच. जोडणं हा हक्क, वर बांधणं ही मेहेरबानी.

आमचा पहिला नकाशा परत आला. चेंबर नव्या खोलीच्या आत येत होता. तसं चालत नाही, कारण पाइप तुंबला तर माणसांना रात्री-अपरात्री झाकण उघडता आलं पाहिजे. मग खोली आखूड केली. माझ्या कपाटाची जागा गेली, न्हाणीघराचं दार सरकतं झालं. पायाचा खड्डा पाइपाच्या तळापेक्षाही खाली न्यायचा, म्हणजे भिंतीचं ओझं पाइपावर येत नाही. पाइप जिथे भिंतीखालून जातो तिथे वर लिंटल आणि भोवती थोडी मोकळी जागा. छपराचं पावसाचं पाणी शोषखड्ड्यात. जुन्या गटारांत पाऊस आणि मैला एकत्र वाहतात आणि मोठ्या सरीला ती नदीत ओतली जातात. त्यासाठी लंडनने थेम्सकाठी 25 किलोमीटरचा नवा बोगदा खणला, तो 2025 मध्ये पुरा जोडला गेला.

मुलगा पत्रांवर पत्रं लिहीत होता, दर आठवड्याला चिडत होता. मीही पहिले दोन आठवडे त्याच्या बरोबरीने चिडले. नंतर मला सारखा आमचा गावचा वाडा आठवू लागला.

ताई, तुला आठवत असेल. सातारा जिल्ह्यातलं आपलं तालुक्याचं गाव, वाड्याच्या मागचा बोळ, आणि बोळाच्या बाजूने उघडणारी ती खालची पत्र्याची झापडं. टोपलीचे संडास. साऱ्या वाड्याला त्यासाठी कधी कोणाची परवानगी लागली नाही. ना नकाशा, ना कॅमेरा, ना पत्र. सकाळी एक बाई यायची, झापड उचलायची, टोपली डोक्यावर घेऊन जायची. पावसाळ्यात ती गळायची. आपण तिला जातीच्या नावाने हाक मारायचो. तिचं नाव मला आजही माहीत नाही. मी शाळेत मुलांना गांधीजी, फुले शिकवले, आणि तिचं नाव एकदाही विचारलं नाही. दिवाळीला पोस्त दूरूनच ओट्यावर ठेवायची आईची रीत होती, ती मीही काही वर्षं पाळली.

आमच्याकडे परवानगीचा एक वेगळाच किस्सा इतिहासात आहे. कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मैला साफ करायचं काम मागितलं. ब्राह्मण कैद्याला ते काम देता येत नाही म्हणून नाकारलं. त्यांनी अन्न कमी केलं, आणि त्यांच्यासाठी गांधीजींनी येरवड्यात डिसेंबरमध्ये उपास सुरू केला, तेव्हा सरकार हललं. संडास साफ करण्याची परवानगी मिळावी म्हणून उपास! आणि ज्या बाईला ते काम जन्मतःच चिकटवलं होतं, तिला ते सोडायची परवानगी कायद्याने मिळायला 1993 उजाडलं. 2013 मध्ये पुन्हा कायदा करावा लागला, यावरूनच पहिल्याचं काय झालं ते कळतं.

हे मी मुलाला जेवताना सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, पण म्हणून यांनी अकरा आठवडे लावावेत का?" तेही खरंच.

बाराव्या आठवड्यात पत्र आलं. काम सुरू झालं, तसे डावीकडच्या आजी रोज कुंपणाशी येऊन उभ्या राहू लागल्या. त्या ऐंशीच्या पुढच्या, त्यांचंही बाथरूम वरच. पाया खणताना जुना पाइप उघडा पडला, तपकिरी, चकाकता स्टोनवेअरचा, नव्वद वर्षांचा आणि एकही तडा नाही. मी काठी टेकत जाऊन पाहून आले.

काल कॅमेरेवाला पुन्हा आला. बांधकामानंतर पाइप शाबूत आहे का, हे कंपनीला दाखवावं लागतं. मी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. पाइप कोरडा, स्वच्छ, मग तो जोड आला. तेवढ्यात डावीकडून फेसाळ पाण्याची एक धार आली आणि कॅमेऱ्याखालून पुढे निघून गेली. आजींची भांडी आवरली असावीत.