फुटबॉल क्लबचे ‘तात्पुरते घर’ म्हणजे काय? स्टेडियम रखडले की संघ कुठे खेळतो?

फुटबॉलच्या लीगमध्ये प्रत्येक संघ निम्मे सामने स्वतःच्या मैदानावर आणि निम्मे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळतो. स्वतःच्या मैदानाला ‘घरचे मैदान’ म्हणतात. पण क्लब नवा असेल, स्टेडियमचे काम रखडले असेल किंवा जुन्या मैदानाची दुरुस्ती सुरू असेल, तर लीग त्यासाठी थांबत नाही. अशा वेळी क्लबला दुसऱ्याचे मैदान ठरावीक काळासाठी घ्यावे लागते. हेच त्याचे तात्पुरते घर.

मैदानाशिवाय लीगमध्ये प्रवेश का नाही?

व्यावसायिक लीगमध्ये खेळण्यासाठी क्लबला परवाना लागतो. आशियाई फुटबॉल महासंघाच्या परवाना पद्धतीत पाच बाबी तपासल्या जातात: खेळाडू घडवण्याची व्यवस्था, पायाभूत सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदेशीर बाबी आणि आर्थिक स्थिती. मैदान क्लबच्या मालकीचेच असावे अशी अट नाही. मात्र ते भाड्याचे असेल, तर मालकाशी लेखी करार हवा. शिवाय खेळपट्टीचे माप (साधारण १०५ बाय ६८ मीटर), फ्लडलाइट, ड्रेसिंग रूम, प्रेक्षकांची आसने आणि सुरक्षित येण्या-जाण्याचे मार्ग तपासले जातात.

मुंबईचा संघ, पुण्याचे मैदान

महाराष्ट्रातले याचे ठळक उदाहरण मुंबई एफसीचे आहे. एस्सेल समूहाने २००७ मध्ये हा क्लब स्थापन केला. २००८ मध्ये आय-लीगची दुसरी श्रेणी जिंकून तो वरच्या श्रेणीत आला. त्याचे घर दक्षिण मुंबईतले कूपरेज मैदान. पण कूपरेजचे नूतनीकरण निघाले, काम अनेक हंगाम चालले आणि मुंबई एफसीला घरचे सामने पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात खेळावे लागले.

बालेवाडीचे हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले. २०१२–१३ च्या हंगामात पुणे एफसी, मुंबई एफसी आणि एअर इंडिया या तिन्ही संघांचे घर तेच होते. म्हणजे मुंबईच्या दोन संघांचे ‘घरचे’ सामने मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर होत होते. कागदावर तो घरचा सामना. पण मुंबईच्या चाहत्याला त्यासाठी घाट चढून यावे लागे. पुढे कूपरेजवर कृत्रिम हिरवळ बसली आणि २०१४–१५ मध्ये मुंबई एफसी तिथे परतली. २०१६–१७ मध्ये तळाला राहिल्याने संघाची पदावनती झाली.

२०१४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सिटी एफसीनेही सुरुवात नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर केली आणि २०१६ मध्ये ती अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनात आली. तरी प्रश्न पूर्ण सुटला नाही. २०२३ च्या एएफसी चॅम्पियन्स लीगसाठी अंधेरीचे मैदान निकषांत बसले नाही. त्यामुळे इराणच्या नस्साजी माझंदरानविरुद्धचा सामना बालेवाडीत आणि सौदी अरेबियाच्या अल-हिलालविरुद्धचा नवी मुंबईत झाला.

परदेशात काय होते?

इंग्लंडचा टॉटनहॅम क्लब जुने स्टेडियम पाडून २०१७–१८ च्या हंगामासाठी वेम्बलीवर गेला. नवे स्टेडियम २०१८ मध्ये सुरू व्हायचे होते. पण सुरक्षा यंत्रणेतले दोष निघाल्याने पहिला लीग सामना एप्रिल २०१९ मध्ये झाला. अमेरिकेत मिनेसोटा युनायटेड २०१७ मध्ये मुख्य लीगमध्ये आला. दोन हंगाम विद्यापीठाच्या स्टेडियमवर खेळून २०१९ मध्ये तो स्वतःच्या मैदानावर गेला. तिथे मुक्काम त्याच महानगरात असल्याने प्रेक्षक तुटला नाही.

तात्पुरत्या घराची किंमत

* उत्पन्न: भाडे द्यावे लागते, उपाहारगृह आणि जाहिरातफलकांचे उत्पन्न अनेकदा मालकाकडे जाते.
* वेळापत्रक: मैदानावर पहिला हक्क मालकाचा किंवा मूळ संघाचा. क्रिकेट किंवा इतर कार्यक्रम आला की सामना पुढे-मागे होतो.
* हिरवळ: एकाच मैदानावर दोन-तीन संघ खेळले की गवताला सावरायला वेळ मिळत नाही.
* प्रेक्षक: सर्वांत मोठे नुकसान इथे होते. नव्या क्लबला पहिल्या दोन-तीन वर्षांतच चाहते जोडायचे असतात, आणि नेमका तेव्हाच तो त्यांच्यापासून लांब असतो.

सातारा-सांगलीत असा क्लब निघाला तर?

या दोन जिल्ह्यांतला क्लब अजून देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळलेला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणची मैदाने बहुउद्देशीय असतात. धावण्याच्या शर्यती, क्रिकेट, शालेय स्पर्धा आणि सरकारी कार्यक्रम यांतून फुटबॉलला तारखा काढाव्या लागतात. त्यामुळे नव्या क्लबचे लक्ष आधी शेजारी जाईल.

सांगलीसाठी सोयीचे ठिकाण कोल्हापूर, अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. तिथल्या छत्रपती शाहू स्टेडियमवर तालमींचे आणि तरुण मंडळांचे संघ एकच मैदान वाटून घेतात, आणि स्थानिक सामन्यांनाही गर्दी असते. पण त्याच कारणाने बाहेरच्या संघासाठी मोकळ्या तारखा कमी. साताऱ्याहून कोल्हापूर आणि बालेवाडी ही दोन्ही ठिकाणे शंभर किलोमीटरच्या पुढे. तिकिटापेक्षा प्रवासखर्च जास्त झाला, तर शाळकरी मुले आणि कुटुंबे येणार नाहीत.

म्हणून अशा करारात तीन गोष्टी आधीच ठरलेल्या बऱ्या: मुक्काम किती हंगामांचा, स्टेडियम आणखी लांबले तर मुदतवाढ कोणत्या अटींवर, आणि सामन्याच्या दिवशी गावाकडून बस कोण सोडणार. सराव आणि युवा संघांचे सामने तरी गावातच ठेवले, तर मुख्य संघ बाहेर खेळत असतानाही क्लब गावाचा राहतो.