कपाटातल्या फिती

१९५१ साली निघालेल्या एका पुस्तकात एक छायाचित्र आहे. डावीकडे पोलादी कपाट, शेजारी कळफलकावर कागदी फितीला छिद्रं पाडत बसलेली एक तरुणी. कपाटातली हवी ती फीत काढून वाचकयंत्रात घातली, की तिच्यावरची छिद्रं नव्या फितीवर जशीच्या तशी उतरत. पुस्तक मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांचं; कपाट केंब्रिज विद्यापीठाच्या गणित प्रयोगशाळेतलं. आज कचेरीच्या कामकाजाची जी सॉफ्टवेअर विकली जातात, त्यांत 'मंजुरी', 'सूचना', 'स्मरणपत्र' असे तयार ठोकळे पडद्यावर ओढून एकमेकांना जोडता येतात. जाहिराती वाचल्या तर हे सारं कालपरवाचं वाटावं. माझ्या मते या ठोकळ्यांचं मूळ त्या कपाटात आहे, आणि त्यांचं दुखणंही तिथलंच.

केंब्रिजचा 'एडसॅक' हा संगणक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला. थोड्याच दिवसांत विल्क्सना एक गोष्ट उमगली: यंत्र बांधणं एक वेळ सोपं, त्याला बिनचूक आज्ञा लिहून देणं कठीण. त्यांनी स्वतः लिहिलेल्या सव्वाशेच्या आसपास ओळींच्या एका कार्यक्रमात वीसेक चुका निघाल्या. तेव्हा भागाकार, वर्गमूळ, छपाई असली नेहमीची कामं दर वेळी नव्याने लिहायचीच कशाला? एकदा लिहावीत, तपासावीत आणि कपाटात ठेवावीत. मोडी पत्रव्यवहारातले मायने असेच ठरलेले असत. कारकुनाने मायना रचायचा नसे, योग्य तो निवडायचा असे.

पण फीत मायन्याइतकी गरीब नव्हती. एकच तुकडा कार्यक्रमात तीन ठिकाणांहून वापरला, तर काम संपल्यावर त्याने परत जायचं कुठे? हे कोडं व्हीलरने सोडवलं. तेव्हा तो विशीतला संशोधक विद्यार्थी होता. बोलावणाऱ्याने आपला पत्ता बरोबर घेऊन यायचं आणि तुकड्याने कामाला लागण्यापूर्वी त्या पत्त्यावरून परतीची आज्ञा तयार करून स्वतःच्या शेवटी बसवायची. शिवाय स्मृतीत तुकडा कुठेही ठेवला तरी त्यातले पत्ते त्या जागेप्रमाणे आपोआप बदलून घेण्याची सोय त्याने यंत्राच्या आरंभीच्या आज्ञांतच केली. या तुकड्यांना सबरूटीन म्हणत. १९५१ पर्यंत सर्वांना वापरता येतील अशा ८७ सबरूटीन जमल्या होत्या.

व्हीलरचं मोठेपण मला मात्र या युक्तीपेक्षा त्याच्या १९५२ सालच्या एका छोट्या निबंधात अधिक दिसतं. त्याचं म्हणणं असं: सबरूटीन लिहून, तपासून झाली तरी मोठं काम उरतंच. ज्याने तिचं आतलं रूप पाहिलेलं नाही, त्याला ती सहज वापरता येईल असं तिचं वर्णन लिहायचं, आणि कदाचित हेच सर्वांत अवघड.

याच प्रयोगशाळेला 'लायन्स' या चहागृहांच्या आणि बेकरीच्या कंपनीने ३००० पौंड आणि आपला एक माणूस दिला होता. बदल्यात मिळालेल्या ज्ञानावर तिने 'लिओ' हा स्वतःचा संगणक बांधला आणि १९५१ च्या नोव्हेंबरात त्यावर बेकरीच्या मालाचे हिशेब सुरू झाले. इथे गणित किरकोळ होतं. कागद ढीगभर आणि नियम त्याहून जास्त. म्हणून डेव्हिड कॅमिनर यांची मंडळी आधी काम कसं चालतं ते बारकाईने तपासत, त्याचे आराखडे काढत, आणि मग आज्ञा लिहीत.

१९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश इथे भरलेल्या परिषदेत डग्लस मॅकइलरॉय यांनी सॉफ्टवेअरचे सुटे भाग कारखान्यात व्हावेत तसे तयार व्हावेत, त्यांच्या सूच्या निघाव्यात, अशी मागणी केली. अचूकता, व्याप्ती, भक्कमपणा यांच्या निवडी धरल्या तर एकट्या साइन फलाचेच ३०० प्रकार होतात, असा त्यांचा हिशेब. अतिशयोक्ती वाटते खरी. पण साइनचा निदान अर्थ तरी जगभर एकच आहे, 'मंजुरी'चा नाही.

माझ्या परिचयाच्या एका पतसंस्थेत असा मंजुरीचा तयार ठोकळा बसवला होता. अधिकारी रजेवर गेला की अर्ज त्याच्या वरिष्ठाकडे जाई. हे ठीकच, पण वरिष्ठ कोण, हे जुन्या यादीवरून ठरे, आणि यादीतले साहेब निवृत्त होऊन गेलेले. एका मुलीच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज त्यांच्या बंद खात्यात पडून राहिला. पडद्यावर 'प्रक्रिया सुरू आहे' असं दिसत होतं, आणि ते खोटं नव्हतं! प्रवेशाची मुदत टळली. चौकशीला गेलो तर चूक कोणाची हे सांगता येईना. ठोकळा निर्दोष होता, यादी कार्यालयाची होती, आणि ठोकळा ती यादी वाचतो हे कुठल्या कागदावर लिहिलेलं आहे, असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

घरी आल्यावर मी ते १९५१ चं पुस्तक पुन्हा उघडलं. त्याच्या दुसऱ्या भागात संग्रहातल्या सबरूटीनांची वर्णनं आहेत: काय घेते, काय देते, किती जागा अडवते, किती वेळ लावते. प्रत्यक्ष आज्ञा येतात तिसऱ्या भागात, आणि त्याही फक्त निवडक सबरूटीनांच्या.