छोट्या गाडीचा आवाज सुधारायचा आहे? आधी पुढच्या दाराचे दोन स्पीकर बदला

केळझर (ता. सेलू) : कापसाचा चुकारा हाती आला की गावात एखादी जुनी-नवी चारचाकी येतेच. गाडी आधी केळझरच्या टेकडीवर सिद्धिविनायकाच्या दर्शनाला जाते आणि आठवडाभरात तक्रार सुरू होते, 'गाडी चांगली आहे, पण आवाजात दम नाही.' मग दुकानात 'हजार वॅट'चा वूफर, अ‍ॅम्प्लिफायर आणि मोठी स्क्रीन असा सगळा संच गळ्यात पडतो. बिल सहज पंधरा-वीस हजारांवर जाते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे दोन-अडीच क्विंटल कापूस गाडीच्या डिक्कीत गेला.

बहुतेक गाड्यांना एवढ्या खर्चाची गरज नसते. कंपनीचा टेप तसाच ठेवून पुढच्या दोन दारांतले स्पीकर बदलले आणि ते नीट बसवले, तर आवाजातला मोठा फरक तिथेच पडतो. नामी कंपनीची साध्या स्पीकरची जोडी साधारण दीड-दोन हजारांपासून मिळते. मात्र काय घ्यायचे, कसे बसवायचे आणि कुठे हात लावायचा नाही, हे माहीत असले पाहिजे.

कंपनीच्या स्पीकरमध्ये काय कमी असते?

स्वस्त गाडीत कंपनी रुपया-रुपया आणि ग्रॅम-ग्रॅम वाचवते. त्यामुळे स्पीकरचा पडदा साध्या कागदाचा, मागचे लोहचुंबक लहान आणि सांगाडा प्लास्टिकचा असतो. बऱ्याच गाड्यांत बारीक आवाजासाठी वेगळा ट्वीटर नसतो. एकाच पडद्यावर तबलाही वाजतो आणि बासरीही. म्हणून शब्द दबतात आणि आवाज वाढवला की फाटतो.

दुसरे कारण दार. छोट्या गाडीच्या दाराचा पत्रा पातळ असतो. स्पीकर वाजला की पत्राही थरथरतो आणि बेस विरून जातो. सिमेंट रस्त्यावर टायरचा घरघराट वाढतो, त्यात उरलासुरला आवाजही बुडतो. बुटीबोरी ते वर्धा जाताना किंवा समृद्धी महामार्गावर हे लगेच लक्षात येते.

आधी हे फुकटचे करून पाहा

खिशात हात घालण्याआधी चार गोष्टी तपासा.

१. गाणे कुठून वाजते? व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेले किंवा जुन्या पेनड्राइव्हमधले गाणे बहुधा फार दाबलेले असते. तेच गाणे ३२० केबीपीएस दर्जाचे लावून पाहा. गाणेच खराब असेल तर महागडा स्पीकर त्याचे दोष आणखी उघडे करतो.

२. ब्लूटूथवर ऐकताना मोबाइलचा आवाज जवळपास पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त टेपवर करा. मोबाइल अर्धा आणि टेप पूर्ण असेल तर खरखर वाढते.

३. टेपमध्ये बेस आणि ट्रेबल दोन्ही टोकाला नेले असतील तर मधोमध आणा. लाउडनेस बंद करा.

४. दाराच्या खणातल्या बाटल्या, नाणी, पाने काढा. बरेचदा 'स्पीकर फाटला' म्हणतात तो खडखडाट बाटलीचा असतो.

एवढ्यावर समाधान झाले तर पैसे वाचले. नाही झाले तर पुढे जा.

खोक्यावरच्या वॅटला भुलू नका

स्पीकरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ३००, ५०० वॅट लिहिलेले असते. तो आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. बारीक अक्षरात 'आरएमएस' लिहिलेला आकडा खरा, म्हणजे स्पीकर सतत सहन करू शकेल तेवढी ताकद.

टेपचेही तसेच. '५० x ४ वॅट' असे लिहिलेले असते. पण गाडी चालू असताना वीज मिळते साधारण १४ व्होल्ट. गाडीचा स्पीकर बहुधा ४ ओहमचा असतो. या हिशेबाने टेपमधली आयसी एका स्पीकरला फार तर २४-२५ वॅट देऊ शकते. प्रत्यक्षात स्वच्छ आवाज १५ ते २० वॅटपर्यंतच मिळतो. टेप साधा असो की मोठ्या स्क्रीनचा, आतली आयसी त्याच जातीची असली तर फरक पडत नाही. म्हणून फक्त आवाजासाठी टेप बदलणे हा वायफळ खर्च ठरू शकतो.

मग पाहायचे काय? 'सेन्सिटिव्हिटी'. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, ते हा आकडा सांगतो. ३ डेसिबल जास्त म्हणजे निम्म्या ताकदीत तेवढाच आवाज. ८६ डेसिबलच्या स्पीकरला जिथे ६० वॅट लागतात, तिथे ९२ डेसिबलचा स्पीकर १५ वॅटवर तेवढाच वाजतो. कंपनीच्या टेपवर चालवायचा स्पीकर शक्यतो ९० किंवा त्याहून जास्त डेसिबलचा घ्या.

कोणता स्पीकर घ्यावा?

दोन प्रकार आहेत. 'कोएक्शियल' म्हणजे मोठ्या पडद्याच्या मधोमधच लहान ट्वीटर बसवलेला स्पीकर. बसवायला सोपा, स्वस्त आणि कंपनीच्या टेपवर चांगला चालतो. 'कंपोनंट' संचात वूफर दारात, ट्वीटर वर आरशाजवळ आणि दोघांना आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर वेगळा असतो. त्यात गायकाचा आवाज पायाजवळून न येता समोरून आल्यासारखा वाटतो, पण खर्च आणि काम दोन्ही वाढते. पहिल्यांदा बदल करणाऱ्याला कोएक्शियल पुरेसा आहे.

माप घेतल्याशिवाय स्पीकर आणू नका. चार, सव्वापाच आणि साडेसहा इंच ही नेहमीची मापे आहेत. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या व्हेरियंटमध्येही फरक असतो. दाराचे पॅनल उघडून तीन मापे घ्या : भोकाची रुंदी, स्क्रूमधले अंतर आणि खोली. खोली मोजताना काच पूर्ण खाली करा. नाहीतर स्पीकर बसतो छान, पण काच उतरताना चुंबकाला अडते.

पडदा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकसारखा असलेला बरा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. पावसाळ्यात दाराच्या आत पाणी उतरते. साधा कागदी पडदा आणि हलका गोंद अशा हवेत लवकर खराब होतात.

खरी करामत फिटिंगमध्ये

हजाराचा स्पीकर नीट बसवला तर तो घाईत बसवलेल्या पाच हजारांच्या स्पीकरपेक्षा चांगला वाजू शकतो. कारण सोपे आहे. पडदा पुढे आवाज फेकतो तसा मागेही फेकतो आणि हे दोन आवाज एकमेकांच्या उलट असतात. स्पीकर आणि पत्रा यांच्यात फट राहिली तर मागचा आवाज पुढे येऊन पुढचा बेस मारतो. म्हणून हे पाळा :

- स्पीकरखाली घट्ट रिंग बसवा. प्लायवुड किंवा एमडीएफची रिंग असेल तर तिला चारही बाजूंनी रंग किंवा वॉर्निश हवे. कोरी एमडीएफ पाण्याने फुगते. चांगल्या प्लास्टिकची रिंग जास्त टिकते.
- रिंग आणि पत्रा यांच्यात फोमची पट्टी लावा.
- कंपनीच्या वायरी कापू देऊ नका. त्या गाडीचे कपलर बाजारात मिळते, एक बाजू गाडीत आणि दुसरी स्पीकरला. वायर कापली तर वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटर हात वर करू शकते.
- जुने स्पीकर आणि स्क्रू जपून ठेवा. गाडी विकताना कामी येतात.

बजेट उरले तर मागच्या स्पीकरवर नको, दाराच्या पत्र्यावर खर्च करा. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलची डॅम्पिंग शीट चिकटवली की थरथर कमी होते, बेस भरतो आणि रस्त्याचा घरघराटही थोडा दबतो. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही, स्पीकरच्या मागचा आणि मधला भाग पुरे. पण दाराच्या तळाला पाणी निघायची बारीक भोके असतात. ती शीटखाली बुजली तर पाणी साचते आणि दार आतून गंजते. पॅनलमागचा प्लास्टिकचा कागदही होता तसाच परत चिकटवून घ्या.

एअरबॅगच्या वायरीला हात नको

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आता छोट्या गाड्यांतही सहा एअरबॅग येऊ लागल्या आहेत. ऑल्टो के१० आणि वॅगनआरमध्ये २०२५ पासून त्या सर्व व्हेरियंटमध्ये आहेत. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग छताच्या कडेला असते आणि समोरच्या काचेजवळच्या खांबाच्या कव्हरमागे तिचा भाग येऊ शकतो. तिथे ट्वीटर बसवायला भोक पाडणे किंवा वायर कोंबणे धोक्याचे आहे. काही गाड्यांत धडक ओळखणारा सेन्सर दाराच्या आत असतो. अशा दाराचा पत्रा कापू नये, झाकूही नये.

एअरबॅगचे कपलर बहुधा पिवळे असतात. पिवळी वायर दिसली की मिस्त्रीला थांबवा. काम सुरू करण्याआधी चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा. सहा एअरबॅगची गाडी असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारूनच दार उघडा.

काम बरोबर झाले का, दुकानातच तपासा

स्पीकरच्या एका बाजूची प्लस-मायनस उलटी लागली तर आवाज येतो, पण बेस गायब होतो. ही चूक नेहमी होते आणि गिऱ्हाइकाला कळत नाही. तपासणी सोपी आहे. ढोलकी असलेले गाणे लावा. बॅलन्स पूर्ण डावीकडे नेऊन ऐका, मग मधोमध आणा. मधोमध आणल्यावर बेस वाढायला हवा. उलट कमी झाला तर एका स्पीकरची जोडणी उलटी आहे.

स्पीकरवर खूण नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या टोकाला लागला ते टोक प्लस. ही तपासणी स्पीकर गाडीच्या वायरीपासून सुटा असतानाच करा.

टेपमध्ये 'हाय पास फिल्टर' असेल तर तो ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. फार खालचा बेस दारातल्या स्पीकरला झेपत नाही. तो काढून टाकला की बाकीचा आवाज मोकळा होतो. एकाच वायरीवर दोन स्पीकर जोडू देऊ नका. ४ ओहमचे दोन समांतर जोडले की २ ओहम होतात, टेपची आयसी तापते आणि जळू शकते.

अ‍ॅम्प आणि वूफर कधी?

स्पीकर बदलल्यावर महिनाभर ऐका. तरीही बेस कमी वाटला तरच पुढचा विचार करा. अ‍ॅम्प्लिफायर लावताना त्याची वायर थेट बॅटरीवरून येते. त्या वायरीला बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. फ्यूज अ‍ॅम्पजवळ लावला आणि मधे कुठे वायर घासून पत्र्याला टेकली तर आग लागू शकते. बारीक वायर वापरून पैसे वाचवणारा मिस्त्री टाळा. बाहेरून लावलेले साहित्य विम्याच्या पॉलिसीत नोंदवलेले नसेल तर त्याची भरपाई मिळत नाही. थोडा जादा हप्ता भरून ते नोंदवता येते.

छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. इंजिन बंद ठेवून अ‍ॅम्प जोरात वाजवला तर तास-दोन तासांत सेल्फ मारायला ताकद उरत नाही. लग्नाच्या मांडवाबाहेर गाडी ढकलायची वेळ अशीच येते.

कान आणि कायदा

८५ डेसिबलचा आवाज आठ तास ऐकणे ही कानाची मर्यादा धरली जाते. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते : ८८ ला चार तास, ९१ ला दोन. बंद गाडीत हा आकडा सहज गाठला जातो. मागच्या ट्रकचा किंवा रुग्णवाहिकेचा हॉर्न ऐकू येत नसेल तर आवाज जास्तच आहे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकते. सेवाग्राम किंवा सावंगीला पेशंट घेऊन जाताना दवाखान्याच्या फाटकाआधीच टेप बंद केलेला बरा.

थोडक्यात क्रम

आधी गाणे आणि सेटिंग सुधारा. मग पुढच्या दोन दारांत ९० डेसिबलच्या वरचे कोएक्शियल स्पीकर रिंग आणि कपलरसह बसवा. नंतर पत्र्याला डॅम्पिंग. अ‍ॅम्प आणि वूफर सगळ्यात शेवटी, तेही गरज वाटली तरच. दुकानात जाताना गाडीतले आपले नेहमीचे गाणे सोबत न्या आणि पैसे देण्याआधी तेच लावून ऐका.