मखफी, सुप्त, अप्रकट : उष्म्याच्या एका संज्ञेचा इतिहास

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाले. त्याच्या नावातील ‘बाजार’ हे पद मूळ फारसी. परंतु ते मराठीत इतके मुरले आहे की त्याचे परकेपण कोणास जाणवत नाही. शास्त्रीय परिभाषेस असे मुरण्याचा अवधी या प्रदेशात मिळाला नाही. येथे पदार्थविज्ञानातील एकाच कल्पनेस आजोबांच्या पिढीत एक नाव होते, तर नातवाच्या पिढीत दुसरे आले. बर्फ वितळताना किंवा पाणी उकळताना शोषली जाणारी, पण तापमापकास न दिसणारी उष्णता हे त्याचे बोलके उदाहरण होय.

या उष्णतेचे मापन ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक याने १७६१ च्या सुमारास केले. दोन सारख्या काचपात्रांपैकी एकात त्याने बर्फ व दुसऱ्यात तितक्याच वजनाचे, हिमबिंदूनजीकचे पाणी ठेवले. पाणी अर्ध्या तासात ७ अंश फॅरनहाइटने तापून ४० अंशांवर आले. बर्फास त्याच तापमानास येण्यास साडेदहा तास, म्हणजे एकवीस पट काळ लागला. २१ × ७ = १४७; त्यातून प्रत्यक्ष तापमानवाढीचे ८ अंश वजा जाता १३९ अंशांइतकी उष्णता केवळ वितळण्यात खर्ची पडली. आजचे मूल्य सुमारे १४४, म्हणजेच दर ग्रॅमला ८० कॅलरी, आहे. या उष्णतेस ब्लॅकने ‘दडलेली’ या अर्थाचे लॅटिन विशेषण लावले.

उष्णता हा एक सूक्ष्म द्रव असून तो पदार्थात शिरतो व दडतो, ही समजूत त्या काळी प्रबळ होती. लाव्हाझिये व लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात वितळलेल्या बर्फाच्या वजनावरून उष्णता मोजणारे उपकरण वापरले. १७८९ च्या ग्रंथात त्यास ‘कॅलोरिमीटर’ हे नाव देताना, लॅटिन व ग्रीक पदांचा संकर केल्याचा दोष लाव्हाझियेने स्वतःच मान्य केला. मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘कॅलरीमापी’ हा शब्दही तसाच संकरज आहे. तथापि त्यामुळे त्याचे काम अडलेले नाही.

हैदराबाद राज्यात १९१७ साली ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतर खाते स्थापन झाले व १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून उभे राहिले. उर्दू परिभाषेत या उष्णतेस ‘हरारत-ए-मखफी’ म्हणतात. ‘मखफी’ म्हणजे लपविलेली. १९४८ नंतर उर्दूचे हे स्थान गेले. मराठी लेखनात ‘सुप्त उष्णता’ व पाठ्यपुस्तकांत ‘अप्रकट उष्मा’ या संज्ञा दिसतात. हिंदीत ‘गुप्त ऊष्मा’ रूढ आहे.

या संज्ञा समानार्थी मानल्या जात असल्या तरी त्यांच्या ध्वनितार्थांत भेद आहे. ‘मखफी’ व ‘गुप्त’ यांत कोठेतरी ठेवलेल्या वस्तूची कल्पना आहे. ‘सुप्त’ मध्ये निजलेल्या व पुढे जागे होणाऱ्या उष्णतेची. दोन्हींत जुना द्रववाद नकळत टिकून राहतो. वस्तुतः ती उष्णता रेणूंमधील आकर्षणाविरुद्ध खर्ची पडून त्यांची स्थितिज ऊर्जा वाढविते. गतिज ऊर्जा न वाढल्याने तापमान स्थिर राहते. ‘अप्रकट’ ही संज्ञा मात्र तापमापकावर काही प्रकट झाले नाही, एवढेच सांगते. निरीक्षणापलीकडे ती काही गृहीत धरीत नाही. म्हणून तीच अधिक निर्दोष ठरते.

संज्ञा बदलल्या तरी अनुभव खंडित झाला नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घरोघरी माठ पाझरतो. दहा लिटर पाण्यातून शंभर ग्रॅम पाण्याची वाफ झाली, तर दर ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी या हिशेबाने ५८,००० कॅलरी उष्णता खर्ची पडते. बाहेरून उष्णता न आल्यास उरलेले पाणी जवळजवळ ६ अंश सेल्सियसने निवते. ही क्रिया उर्दूतून शिकलेल्यास आणि मराठीतून शिकणाऱ्यास सारखीच परिचित आहे. परिभाषेचे अध्यापन संज्ञेपासून आरंभ न करता या परिचित क्रियेपासून केल्यास, नव्या संज्ञेस मुरण्यास ‘बाजार’ या शब्दाइतका काळ लागणार नाही.